‘जास्त जातं’ म्हणजे नेमकं किती?

समजा, तुम्ही पीएच.डी.च्या मुलाखतीसाठी प्रस्ताव लिहायला बसला आहात. विषय ठरवलाय : ‘चाळिशीनंतरच्या स्त्रियांमधला अतिरिक्त मासिक रक्तस्राव’. विषय चांगला आहे, गरजेचा आहे, समितीलाही आवडेल. पण समितीतल्या कुणीतरी चष्म्यावरून बघत विचारलं, “अतिरिक्त म्हणजे किती?” तर काय सांगाल? बहुतेक प्रस्तावांत याचं उत्तर एका ओळीत उरकलेलं असतं : एका पाळीत ८० मिलिलिटरपेक्षा जास्त. मग पुढचा प्रश्न येतो, “आणि ते तुम्ही मोजणार कसं?” इथे बरेच जण गप्प होतात.

या लेखात मी त्या ८० च्या मागे लागणार आहे. हा आकडा कुठून आला, तो कशासाठी होता, आणि पाळी जायच्या काळात, म्हणजे पेरीमेनोपॉजमध्ये, तो का कोलमडतो. वरवर हा नुसता व्याख्येचा वाद वाटेल, पण तसं नाही. याच मोजमापाच्या अभावी एका बाजूला पंचेचाळिशीतली बाई वर्षभर अंगावर काढते, कारण घरचे, शेजारच्या आणि कधी कधी दवाखान्यातलेही सांगतात की ‘या वयात होतंच असं’. आणि तिचं हिमोग्लोबिन सहावर आलेलं असतं. दुसऱ्या बाजूला पस्तिशीतल्या बाईला ‘पिशवी खराब झालीय, काढून टाका’ असं पहिल्याच भेटीत सांगितलं जातं. दोघींच्या केसपेपरवर शब्द मात्र एकच असतो : ‘जास्त रक्तस्राव’.

मी डॉक्टर नाही (व्हायची आहे ती वेगळ्या प्रकारची), त्यामुळे इथे उपचार सांगणार नाही. दोनच गोष्टी, कारण हे वाचणाऱ्या प्रत्येकाच्या घरात आई-मावशी-काकू आहेत. सलग बारा महिने पाळी आलेली नाही आणि नंतर थोडासा जरी डाग दिसला, तरी ती ‘परत आलेली पाळी’ समजायची नाही. तपासणी करून घ्यायची. आणि तासाला एक पॅड भिजतंय, असं काही तास चाललंय, चक्कर येतेय, धाप लागतेय, तर कॅलेंडर-बिलेंडर बाजूला ठेवून आधी दवाखाना.

आता मुद्द्यावर येऊ.

८० कुठून आला?

१९६० च्या दशकात स्वीडनमधल्या गोथेनबर्गमध्ये लेइफ हॅलबर्ग आणि सहकाऱ्यांनी एक साधं पण किचकट काम केलं. वेगवेगळ्या वयांच्या ४७६ बायकांकडून त्यांनी पाळीत वापरलेले सगळे पॅड गोळा केले. दवाखान्यात तक्रार घेऊन आलेल्या बायका नव्हेत, तर सर्वसाधारण लोकसंख्येतून निवडलेल्या. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागेल. पॅड ५ टक्के सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये भिजत घातले की रक्तातल्या हिमोग्लोबिनचं अल्कलाइन हेमॅटिन होतं. त्या द्रावणाचा रंग किती गडद आहे ते स्पेक्ट्रोफोटोमीटरवर, ५५० नॅनोमीटरच्या आसपास, मोजायचं. त्याच बाईच्या शिरेतलं थोडं रक्त तशाच प्रक्रियेतून घालवून तुलना करायची. उत्तर थेट मिलिलिटरमध्ये. बी.एस्सी.ला बिअर-लॅम्बर्ट नियम पाठ करताना ‘हे कुठे वापरणार?’ असं वाटलं असेल, तर हे घ्या.

इथे एक बारकावा. नुसतं पॅडचं वजन करून का भागत नाही? कारण मासिक स्राव म्हणजे निव्वळ रक्त नव्हे. त्यात अस्तरातून पाझरलेला द्रव असतो, अस्तराचे तुकडे असतात, आणि रक्ताचं प्रमाण बाईगणिक बदलतं. वजन सगळ्याचं होतं, हेमॅटिन फक्त रक्ताचं सांगतं.

१९६६ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. सरासरी चाळीस मिलीच्या थोडी वर होती. आणि ६० ते ८० मिलीच्या पुढे गेलं की कमी हिमोग्लोबिन आणि लोहाची कमतरता जास्त दिसू लागते, असं आढळलं. म्हणून वरची मर्यादा ८०. म्हणजे हा आकडा ‘बाईला त्रास कधी होतो’ याचा नव्हताच. तो ‘लोहाचा हिशोब कधी तुटीत जातो’ याचा होता, तोही त्या काळच्या स्वीडिश आहारावर जगणाऱ्या बायकांसाठी.

हिशोब करूनच बघा ना. हिमोग्लोबिन १२ असेल तर एक मिली रक्तात ०.१२ ग्रॅम हिमोग्लोबिन. एका ग्रॅममध्ये साधारण ३.४ मिलिग्रॅम लोह. म्हणजे मिलीमागे ०.४ मिलिग्रॅम. ८० मिली गेलं की ३२-३३ मिलिग्रॅम लोह गेलं. २८ दिवसांत वाटलं तर रोजचं जवळपास १.२ मिलिग्रॅम. शिवाय पाळी असो-नसो, त्वचा, आतडी वगैरेंतून रोज सुमारे १ मिलिग्रॅम जातंच. ही बाई भाकरी-भाजी-वरण-भातातून रोज दोन मिलिग्रॅमच्या वर लोह शोषून घेऊ शकते का? ताटात किती आहे ते विचारत नाहीये, शोषलं किती जातं ते विचारतेय. धान्य-डाळींतल्या लोहाचं शोषण कमी होतं आणि जेवणावर चहा प्यायला तर आणखी कमी. माझं मत असं, की स्वीडनमध्ये ८० वर जो तोल गेला तो आपल्याकडे त्याच्या आधीच जात असणार. पण हे माझं अनुमान आहे; तुमच्या प्रस्तावात ते गृहीतक म्हणूनच लिहा, वस्तुस्थिती म्हणून नको.

त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ८० च्या वर रक्त जाणाऱ्यांपैकी बऱ्याच जणींना आपली पाळी मध्यमच वाटत होती. आणि अगदी थोडं जाणाऱ्या काही जणींना ती जास्त वाटत होती. स्वाभाविक आहे. तुलना करायला प्रत्येकीकडे स्वतःचीच पाळी असते. दुसरीची कोण बघतंय?

गृहीत धरलेलं चक्र

आता ८० च्या व्याख्येत लपलेला शब्द शोधा. ‘एका पाळीत’. म्हणजे महिन्याला एक, नेमाने येणारी, ठरावीक दिवस चालणारी पाळी. पाळी जायच्या काळात नेमकं हेच मोडतं.

शरीरात काय होतं ते थोडक्यात. बीजकोशातल्या बीजपुटिकांचा साठा संपत येतो, इनहिबिन-बी नावाचं संप्रेरक कमी होतं, त्यामुळे मेंदूकडून येणारं एफएसएच वाढतं. बीजकोशाला जोरात ढकललं जातं, आणि इस्ट्रोजेन कधी फार वर तर कधी खाली असं उड्या मारतं. ‘या वयात इस्ट्रोजेन कमी होत जातं’ हे वाक्य तुम्ही शंभरदा वाचलं असेल. ते पाळी गेल्यानंतरचं चित्र आहे, जाताना असं सरळ उतरतं काही नाही. एखाद्या चक्रात अंडं सुटतच नाही, मग कॉर्पस ल्युटियम तयार होत नाही, प्रोजेस्टेरॉन येत नाही. अस्तर मात्र इस्ट्रोजेनवर वाढत राहतं. एरवी प्रोजेस्टेरॉन चढतं आणि मग एकदम उतरतं, म्हणून अस्तर एका वेळी, शिस्तीत गळतं. रक्तवाहिन्या आकसतात, स्राव थांबतो. इथे ती शिस्तच नाही. वाढलेलं, ठिसूळ अस्तर जमेल तसं तुकड्या-तुकड्याने सुटत राहतं. अंडं सुटलं म्हणजे सगळं ठीक असंही नाही. त्या चक्रात इस्ट्रोजेन फार चढलेलं असेल तर नेमाने आलेली पाळीही धो-धो जाऊ शकते.

या काळाचे टप्पे ठरवायला ‘स्ट्रॉ’ नावाची वर्गवारी आहे. पहिली २००१ ची, सुधारित २०१२ साली प्रसिद्ध झालेली. लागोपाठच्या चक्रांच्या लांबीत सात किंवा जास्त दिवसांचा फरक पुन्हा पुन्हा पडायला लागला की संक्रमणाचा सुरुवातीचा टप्पा. साठ किंवा जास्त दिवस पाळीच आली नाही की नंतरचा टप्पा. आणि ‘शेवटची पाळी’ ही बारा महिने कोरे गेल्यावर मागे वळून ठरवायची. संशोधक म्हणून हे डोक्यात पक्कं बसवा : ज्या दिवशी घटना घडते त्या दिवशी ती घडली हे कुणालाच माहीत नसतं. म्हणजे ‘सध्या पेरीमेनोपॉजमध्ये असलेल्या बायका’ अशी तुमची निवडीची अट असेल, तर त्यातल्या काही जणींची शेवटची पाळी होऊनही गेलेली असणार.

मग ८० मिली लावायचे कशाला? एक उदाहरण घ्या. एका बाईचं दर २८ दिवसांनी ८० मिली जातं. दुसरीचं दर २१ दिवसांनी ७० मिली. व्याख्येप्रमाणे दुसरी ‘नॉर्मल’. आता लोहाचा हिशोब करा : पहिलीचं रोजचं १.२ च्या आत, दुसरीचं १.३ च्या वर. दुसरी जास्त तुटीत आहे आणि तुमच्या अभ्यासात ती ‘निरोगी तुलना गटात’ जाऊन बसली! तिसरी एक आहे, जिला दोन महिने काहीच नाही आणि मग अठरा दिवस थांबत नाही. तिची ‘एक पाळी’ कुठून कुठपर्यंत मोजायची? मध्ये दोन दिवस नुसते डाग होते, मग पुन्हा वाढलं. ही एक की दोन?

यावर वैद्यकीय चाचण्यांनी शोधलेला उपाय सोपा होता : अशा बायकांना घ्यायचंच नाही. ‘नियमित पाळी असणाऱ्या’ ही अट अनेक औषध-चाचण्यांच्या निवडनिकषांत सापडते. मोजमाप नीट व्हावं म्हणून ती अट योग्यच आहे, मी तिला नावं ठेवत नाही. पण परिणाम असा, की ज्या काळात हा त्रास सर्वांत वेडावाकडा असतो त्या काळाबद्दलचा पुरावा सर्वांत पातळ राहतो. पुढच्या वेळी एखादा पेपर वाचाल तेव्हा निष्कर्षाआधी निवडनिकष वाचा. ‘कोणाला घेतलं नाही’ हा परिच्छेद बहुतेक वेळा निकालांच्या तक्त्याइतकंच सांगून जातो.

अमेरिकेतल्या ‘स्वान’ या दीर्घकालीन अभ्यासाने वेगळा रस्ता धरला. त्यातल्या १,३२० बायकांनी, ज्या सुरुवातीला ४२ ते ५२ वयाच्या होत्या, वर्षानुवर्षं रोजची नोंद कॅलेंडरवर केली : आज रक्त गेलं का, डाग होते का, जास्त होतं का. मिलिलिटर नाहीत, पण दिवस आहेत. या नोंदींवरचा पेपर २०१४ साली आला. दहा किंवा जास्त दिवस लांबलेला रक्तस्राव बहुसंख्य बायकांना अधूनमधून झालेला होता. सलग तीन किंवा जास्त दिवस ‘जास्त’ जाणं साधारण एक तृतीयांश जणींना निदान तीनदा तरी झालेलं होतं. म्हणजे ‘या वयात होतं असं’ हे अगदी खोटं नाही. पण ‘बऱ्याच जणींना होतं’ आणि ‘निरुपद्रवी आहे’ ही दोन वेगळी विधानं आहेत. पहिल्यावरून दुसरं निघत नाही. (दात किडणंही बऱ्याच जणांना होतं.) आणि त्या अभ्यासात गोऱ्या, कृष्णवर्णीय, चिनी, जपानी वंशाच्या बायका होत्या. भारतीय वंशाचा गट नव्हता.

चित्रांचा तक्ता

प्रयोगशाळेत पॅड आणून द्या म्हटलं तर किती जणी तयार होतील? म्हणून १९९० मध्ये ब्रिटनमध्ये जेनी हायम आणि सहकाऱ्यांनी चित्रांचा तक्ता काढला. थोडा डागाळलेला, मध्यम आणि पूर्ण भिजलेला पॅड अशी तीन चित्रं. त्यांना अनुक्रमे १, ५ आणि २० गुण. टॅम्पॉनला १, ५, १०. गाठी पडल्या तर त्यांचे वेगळे गुण. बेरीज १०० च्या वर गेली की ८० मिलीच्या वर समजायचं. अल्कलाइन हेमॅटिनशी ताडून बघितलं तेव्हा संवेदनशीलता ८६ टक्के आणि विशिष्टता ८९ टक्के आली. एका कागदाच्या तुकड्यासाठी हे फारच चांगलं आहे.

पण गाठींचा आकार मोजायचा होता ब्रिटिश नाण्यांशी, एक पेनी आणि पन्नास पेन्स. आपण ‘रुपयाच्या नाण्याएवढी’ म्हणायचं ठरवलं तरी कोणता रुपया? गेल्या काही दशकांत रुपयाचं नाणं किती वेळा बारीक झालंय ते तुम्हीच बघताय. हा विनोद म्हणून सोडून देऊ नका, इतक्या छोट्या गोष्टीवरून दोन तपासनीसांच्या नोंदी जुळत नाहीत. शिवाय तेव्हाचे पॅड जाड होते. आजच्या जेलवाल्या पातळ पॅडमध्ये ‘पूर्ण भिजला’ म्हणजे कितीतरी जास्त रक्त असू शकतं.

आणि कापड? ग्रामीण महाराष्ट्रात आजही पंचेचाळिशीच्या पुढच्या अनेक बायका जुन्या सुती साडीच्या घड्या वापरतात. एक घडी म्हणजे किती पदर? साडी गडद मरून असेल तर ‘किती भिजली’ हे दिसणार कसं? त्या तक्त्यात कापडाला गुणच नाहीत. तरी आपल्याकडच्या प्रबंधांत हा तक्ता जसाच्या तसा वापरल्याचं दिसतं, आणि ‘मान्यताप्राप्त साधन’ असं लिहिलेलं असतं. मान्यताप्राप्त कुठे, कोणाच्या हातात, कशावर? हे विचारायची सवय आत्ताच लावून घ्या.

किती, की कसं?

२००४ मध्ये स्कॉटलंडमधल्या पामेला वॉर्नर आणि सहकाऱ्यांनी ८० च्या आकड्यावर सरळ बोट ठेवलं. जास्त रक्तस्रावाची तक्रार घेऊन आलेल्या २२६ बायकांचं प्रत्यक्ष मोजमाप केलं तेव्हा ८० च्या वर निघाल्या साधारण एक तृतीयांश. म्हणजे बाकीच्या उगाच तक्रार करतात? असा निष्कर्ष काढायचा मोह होतो, आणि कित्येक वर्षं तो काढलाही गेला. त्यांनी उलट प्रश्न विचारला : ही रेघ उपचार ठरवायला काही कामाची आहे का? फारशी नव्हती. रेघेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या बायकांच्या तक्रारी, आजार यांत मोठा फरक नव्हता. जास्त रक्ताचा अंदाज देणाऱ्या गोष्टी मात्र हाताशी होत्या : भर दिवसांत पॅड किती वेळाने बदलावा लागतो, गाठी केवढ्या पडतात, आणि रक्तातलं फेरिटिन किती आहे.

पुढे २००७ साली ब्रिटनच्या नाइस या संस्थेने व्याख्याच बदलली. मिलिलिटर गेले. बाईच्या शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि व्यवहारातल्या जगण्यात अडथळा आणेल इतका रक्तस्राव म्हणजे अतिरिक्त रक्तस्राव. मोजायचं रक्त नव्हे, तर त्याने अडलेलं आयुष्य. २०१३ मधली ‘एक्लिप्स’ ही ५७१ बायकांची ब्रिटिश चाचणी याच विचारावर उभी होती. संप्रेरक सोडणारी गर्भाशयातली तांबी (लोक तिला तांबीच म्हणतात, तांबं नसलं तरी) आणि नेहमीच्या गोळ्या यांची तुलना करताना त्यांनी मुख्य निकाल म्हणून रक्ताचं माप ठेवलं नाही. कामं, घर, मन, समाजात वावर यांवरच्या प्रश्नांचे शून्य ते शंभर गुण ठेवले. त्या गुणांवर तांबी सरस ठरली.

मला ही व्याख्या आवडते, पण डोळे झाकून घेऊ नका. जी बाई ‘सोसायचंच असतं’ असं ऐकत वाढली, तिच्या उत्तरात अडथळा दिसतच नाही. ऊसतोडीच्या टोळीत किंवा कपड्याच्या कारखान्यात उभं राहून काम करणारी बाई सुट्टी घेऊच शकत नाही. ‘पाळीमुळे किती दिवस काम बुडालं?’ याचं तिचं उत्तर शून्य. शून्य म्हणजे त्रास नाही, असं तुमचा सॉफ्टवेअर वाचेल. म्हणून माझा आग्रह असा, की त्रास आणि रक्त हे दोन वेगळे चल म्हणूनच ठेवा आणि जोडीला फेरिटिन घ्या. नुसतं हिमोग्लोबिन पुरत नाही, कारण साठा आधी रिकामा होतो आणि हिमोग्लोबिन मागाहून पडतं. आणि आपल्याकडे हिमोग्लोबिन कमी असण्याची कारणं मुळातच इतकी आहेत (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ प्रमाणे १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आहेत), की त्यावरून पाळीकडे बोट दाखवणं कठीण.

कारणांबद्दल एवढंच, की २०११ मध्ये फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ‘पाम-कोइन’ ही वर्गवारी आणली. त्या इंग्रजी नावातलं प्रत्येक अक्षर म्हणजे कारणांचा एक गट : पॉलिप, अडेनोमायोसिस, फायब्रॉइडच्या गाठी, कर्करोग किंवा त्याआधीची वाढ, मग रक्त गोठण्याचे दोष, अंडं न सुटणं, अस्तराचेच दोष, औषधांमुळे होणारं, आणि उरलेलं. या नऊ अक्षरांत ‘वय’ नावाचं अक्षर नाही. पाळी जायचा काळ हा अंडं न सुटण्याच्या गटात येतो खरा, पण तो इतर आठ तपासल्यावर. ४५ च्या पुढे अस्तराचा नमुना तपासून घ्यावा, असं अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं मार्गदर्शन आहे ते याच कारणासाठी. आणि उलटा सापळाही आहे. चाळिशीत फायब्रॉइड इतके सर्रास असतात, की सोनोग्राफीत एखादी गाठ दिसणारच. ती दिसली म्हणजे रक्तस्राव तिच्यामुळेच, असं नाही.

आपल्याकडची आकडेवारी

तुम्ही दुय्यम माहितीवर काम करणार असाल तर कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाकडे वळालच. वळा, पण प्रश्नावली हातात घेऊन. पहिली गोष्ट, त्यात स्त्रिया १५ ते ४९ वयाच्या आहेत. भारतात पाळी जाण्याचं सरासरी वय ४६ च्या आसपास धरलं जातं, म्हणजे संक्रमणाचा शेवटचा तुकडा कापला जातो. दुसरी, पाळीत काय वापरता हा प्रश्न फक्त १५ ते २४ वयाच्या मुलींना आहे. पंचेचाळिशीतली बाई काय वापरते हे देशातलं सर्वांत मोठं सर्वेक्षण विचारतच नाही. तिसरी, गर्भाशय काढलं असल्यास कारण काय, याच्या पर्यायांत ‘अतिरिक्त रक्तस्राव किंवा वेदना’ असा एकच चौकोन आहे. निम्म्याहून जास्त बायका याच चौकोनात येतात. पण रक्तस्राव किती जणींना आणि वेदना किती जणींना, हे वेगळं काढता येत नाही. एका प्रश्नात दोन गोष्टी विचारू नयेत हे आपण संशोधनपद्धतीच्या पेपरात लिहून मार्क मिळवतो. हे त्याचं जिवंत उदाहरण.

बीडचा आकडा तुम्हाला माहीत असेल. ऊसतोड कामगार बायकांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चर्चा २०१९ मध्ये झाली, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सर्वेक्षण केलेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची शस्त्रक्रिया झालेली होती, म्हणजे दर सहांत एकीची. देशाचा १५ ते ४९ चा आकडा ३ टक्क्यांच्या आसपास. तफावत हादरवणारी आहेच, पण दोन्ही आकडे शेजारी ठेवताना वयोगट जुळतात का ते आधी बघा आणि मगच लिहा. खऱ्या अन्यायाची बाजू मांडताना आकडा ढिला ठेवला, तर समोरचा नेमका तोच धागा ओढतो.

प्रश्न मराठीत कसा विचारायचा

हा भाग कुठल्याच पाठ्यपुस्तकात मिळत नाही म्हणून जरा रेंगाळते. इंग्रजी प्रश्नावली मराठीत आणताना आपण ‘अतिरिक्त मासिक रक्तस्राव होतो का?’ असं लिहितो. हे कुणीही असं बोलत नाही. बायका म्हणतात, ‘अंगावरून जातं’. आता हा शब्दप्रयोग पांढऱ्यासाठीही आहे आणि लालसाठीही. ‘पांढरं की लाल?’ हे विचारल्याशिवाय ती नोंद निरुपयोगी. ‘पाळी गेली का?’ या प्रश्नाला हो म्हणणारीची पाळी आपोआप गेलेली असेल किंवा पिशवी काढल्यामुळे. दोघींचं उत्तर सारखं, पण एकीचे बीजकोश अजून चालू असतील. म्हणून आधी ‘पिशवीचं ऑपरेशन झालंय का?’ विचारा, आणि लगेच ‘पिशवीचं की कुटुंब नियोजनाचं?’ हेही, कारण कित्येक ठिकाणी नुसतं ‘ऑपरेशन’ म्हणजे नसबंदी. ‘पिशवीला सूज आहे असं सांगितलं’ हे उत्तर खूप वेळा येईल. ते निदान म्हणून कोडिंग करू नका. ती ‘काय सांगितलं गेलं’ याची नोंद आहे.

मोजमापासाठी त्यांच्याकडे स्वतःची भाषा आहे, आणि ती चांगली आहे. ‘रात्री उठून घडी बदलावी लागते का?’ ‘उठलं की भसकन जातं का?’ ‘अंथरुणाला लागतं म्हणून खाली काही घालता का?’ ‘त्या दिवसांत एसटीचा प्रवास टाळता का, लग्नाकार्याला जाणं टाळता का?’ ही वॉर्नरच्या निष्कर्षांचीच मराठी रूपं आहेत : बदलायचा वेग, गाठी, पूर. ‘जास्त जातं का?’ असं एकदम विचारलंत तर ‘पहिल्यापासून असंच’ हे उत्तर मिळेल, आणि तिच्या दृष्टीने ते खरं आहे.

कॅलेंडर दिलंत तर एक धोका सांभाळा. कोरा दिवस म्हणजे ‘रक्त नाही’ की ‘भरायचं राहिलं’? ज्या दिवशी सर्वांत जास्त जातं त्याच दिवशी ती आडवी असते आणि कॅलेंडर राहून जातं. म्हणजे गळालेली माहिती योगायोगाने गळत नाही. नेमके वाईट दिवस गळतात आणि तुमची सरासरी सुधारल्यासारखी दिसते. ‘काही नाही’ यासाठीही एक खूण ठेवा, फुली किंवा टिंब, काहीही.

आणि कुणाला प्रयोगशाळेतलं काम हवं असेल, तर एक जागा मोकळी पडली आहे असं मला वाटतं : कापडाच्या घडीसाठी चित्रांचा तक्ता. मुदत संपलेलं रक्तपेढीतलं रक्त (नीतिसमितीची परवानगी आधी), जुनं सुती कापड, ठरावीक पदरांच्या घड्या, प्रत्येकीवर मोजून ५, १०, २०, ४० मिली, त्यांचे फोटो, आणि मग हेमॅटिनने पडताळणी. साहित्य कुठल्याही विद्यापीठाच्या जीवरसायन विभागात मिळेल. फक्त रंगीत साडीचा रंग सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये उतरतो आणि वाचन फुगवतो. म्हणून प्रत्येक साडीचा एक कोरा तुकडा वेगळा भिजवून त्याचं वाचन आधी वजा करायचं, आणि मरून रंगाच्या साड्या पहिल्या बॅचमध्ये घ्यायच्याच नाहीत.